वाचक विचारतात : मैत्रीची कादंबरी वर्गात वाचताना

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच गोष्टीविषयी आहेत : मुलांची कादंबरी वर्गात कशी वाचावी आणि तिच्यावर मुलांशी कसे बोलावे. चारही पत्रे खानदेशातून आली आहेत. पत्रलेखकांची आणि गावांची नावे त्यांच्या इच्छेप्रमाणे गाळली आहेत. पहिल्या पत्राला मी सर्वांत अधिक जागा दिली आहे, कारण त्यातला पेच मैत्रीवरची कोणतीही चांगली कादंबरी वाचताना कधी ना कधी समोर येतोच.

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. धुळे जिल्ह्यातील एका खेड्यात मी सहावीच्या वर्गाला शिकवतो. पटावर ३१ मुले असून बहुतेकांच्या घरी अहिराणी बोलली जाते. शाळेच्या ग्रंथपेटीत मैत्रीवरच्या एका छोट्या कादंबरीच्या पाच प्रती आल्या होत्या. ती मी रोज शेवटच्या तासिकेला मोठ्याने वाचून दाखवली. कथा थोडक्यात अशी : तालुक्याच्या गावातील शाळेत दिवाळीनंतर एक मुलगी नव्याने दाखल होते. तिचे आईवडील वीटभट्टीवर कामाला आलेले असतात. ती अबोल आहे, पण चित्रे फार सुरेख काढते. वर्गातील एका बोलक्या मुलीशी तिची घट्ट मैत्री जमते. एका सोमवारी बाईंच्या टेबलाच्या खणातून सहलीचे पैसे नाहीसे होतात आणि संशय नव्या मुलीवर येतो. त्या मधल्या सुट्टीत दोघी मैत्रिणी फाटकाबाहेरच्या हापशावर गेल्या होत्या. बोलकी मुलगी हे सांगत नाही, कारण परवानगीशिवाय बाहेर गेल्याबद्दल आपल्याला शिक्षा होईल अशी तिला भीती वाटते. नवी मुलगीही तिचे नाव घेत नाही. गुरुवारी पैसे हजेरीपटात सापडतात. कोणीही माफी मागत नाही. नवी मुलगी शाळेत येणे सोडते. पावसाळ्याच्या तोंडावर भट्टी बंद झाल्यावर बोलकी मुलगी तिथे जाते, तेव्हा रिकाम्या झोपडीत तिला मैत्रिणीची चित्रकलेची वही सापडते, आणि पुस्तक तिथेच संपते. शेवट ऐकून मुले फार चिडली, एक मुलगी रडली, दोघा मुलांचे आपसात भांडण झाले. मी ‘मैत्रीचे महत्त्व लिहा’ आणि ‘या कथेतून मिळणारा बोध सांगा’ असे प्रश्न काढले होते. त्यांना मात्र सगळ्यांनी जवळजवळ एकसारखी उत्तरे लिहिली. आता या कादंबरीवर कोणते उपक्रम घ्यावेत?

उत्तर : सर, मुले चिडली यातच आपल्या वाचनाचे यश आहे. जी मुलगी प्रत्यक्षात कोठेही नाही, तिच्या गप्प बसण्याचा ३१ मुलांना राग आला. हा राग म्हणजे त्यांनी ती कथा मनापासून ऐकल्याची खूण आहे. म्हणून तो शांत करण्याची घाई करू नये आणि लेखकाची बाजू आपण होऊन मांडू नये. पहिल्या दोन तासिका मुलांना मनसोक्त बोलू द्यावे. आपण फळ्यावर त्यांची वाक्ये त्यांच्याच शब्दांत लिहीत जावे, त्यात अहिराणी वाक्ये असतील तर तीही तशीच लिहावीत. बोधाच्या प्रश्नाला एकसारखी उत्तरे आली, कारण ती मुलांनी पुस्तकाला दिलेली नाहीत, आपल्याला दिलेली आहेत. मोठ्या माणसाला काय ऐकायचे असते हे सहावीतले मूल पुरेपूर ओळखते आणि तेवढेच लिहून मोकळे होते.

या विषयात माझे म्हणणे एकच आहे, आणि पुढचे सगळे उपक्रम त्यातूनच आले आहेत. मुलासाठी पुस्तक हा आडोसा असतो. वैशाखाच्या उन्हात शेतातला माणूस बांधावरच्या निंबाखाली जसा क्षणभर टेकतो, तसे मूल पात्राच्या आडोशाला बसून स्वतःविषयी बोलते. ‘ती घाबरली होती’ असे म्हणणारा मुलगा पुष्कळदा स्वतःच्या भीतीविषयी सांगत असतो, आणि ती भीती आपलीच आहे असे कबूल करण्याची सक्ती त्याच्यावर नसते, म्हणूनच तो सांगू शकतो. शिक्षकाने हा आडोसा काढून घेऊ नये. ‘तुमच्यापैकी कोणी मित्राशी असे वागले आहे का?’ हा प्रश्न वर्गात कधीही विचारू नये. अमळनेर तालुक्यातील एका शाळेत मी तो विचारला होता. एक मुलगा तत्काळ उभा राहिला आणि त्याने दुसऱ्या मुलाकडे बोट दाखवले. जी गोष्ट त्या दोघांमध्येच राहायला हवी होती, ती सगळ्या वर्गाची झाली, आणि वर्ष संपेपर्यंत ते दोघे एका बाकावर बसले नाहीत. ती चूक माझी होती.

मग विचारावे काय? इंग्लंडमधील शिक्षक आणि बालसाहित्यकार एडन चेंबर्स यांनी मुलांशी पुस्तकांविषयी बोलण्याची एक साधी पद्धत मांडली आहे आणि ती मला आपल्या वर्गांनाही मानवणारी वाटते. पुस्तकात काय आवडले, काय आवडले नाही, काय कोड्यात टाकणारे वाटले आणि कोणत्या गोष्टी पुन्हा पुन्हा येताना किंवा एकमेकींशी जुळताना दिसल्या, हे त्यातले चार मूळ प्रश्न होत. ‘का’ असा थेट प्रश्न टाळून ‘सांग ना’ अशी सुरुवात करावी, असेही ते सुचवतात, कारण ‘का’ म्हटले की मुलाला आपली उलटतपासणी चालली आहे असे वाटते. आपल्याकडचे ‘काबरं’ घरात मायेनेही विचारले जाते, पण वर्गात खुर्चीवरून आले की त्याचाही धाक वाटतो. वरील चार प्रश्नांपैकी तिसरा आणि चौथा या कादंबरीला विशेष लागू पडतात. नव्या मुलीने मैत्रिणीचे नाव का घेतले नाही, याचे उत्तर पुस्तकात दिलेले नाही असे आपल्या पत्रावरून दिसते. हे कोडे मुलांना सापडेपर्यंत आपण थांबावे आणि सापडल्यावरही सोडवू नये. हापसा, खण आणि चित्रकलेची वही यांचा उल्लेख किती वेळा आणि कोणत्या प्रसंगी येतो, हे शोधायला पाच गटांना पाच प्रती द्याव्यात. मुले पुस्तक पुन्हा चाळतात, आणि एकदा ऐकलेली कथा दुसऱ्यांदा डोळ्यांखालून जाते.

माझा सर्वांत आवडता उपक्रम म्हणजे ‘चार दिवसांचा तक्ता’. सोमवारपासून गुरुवारपर्यंतचे चार दिवस जुन्या दिनदर्शिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर आडवे आखावेत. प्रत्येक दिवसाच्या रकान्यात बोलकी मुलगी त्या दिवशी कोठे कोठे होती, कोणाला भेटली आणि कोणत्या क्षणी ती बोलू शकली असती, हे मुलांनी पुस्तकात शोधून भरावे. त्या क्षणी बोलायला तिला किती कठीण गेले असते, हे एक ते पाच खड्यांनी दाखवावे. सोमवारी बहुधा दोन खडे पडतात, कारण तेव्हा फक्त शिक्षेची भीती आहे. मंगळवारी तीन पडतात, कारण आता ‘काल का सांगितले नाहीस’ हा प्रश्नही येणार. बुधवारी ते वाढतात. गुरुवारी पैसे सापडल्यावर पुष्कळ मुले खडे एकदम कमी करतात आणि मग कोणीतरी म्हणते की नाही, आता तर सर्वांत कठीण, कारण आता चोरीचा प्रश्न मिटला आहे आणि फक्त मैत्रिणीच्या डोळ्यांत पाहायचे राहिले आहे. हे वाक्य मुलांकडून येण्यासाठी एक संपूर्ण तासिका गेली तरी ती सत्कारणी लागली असे समजावे. गप्प राहणे हा एका क्षणाचा निर्णय नसून तो रोज नव्याने घ्यावा लागतो आणि रोज महाग होत जातो, हे मुलांना या तक्त्यावर स्वतःच्या हातांनी मांडलेले दिसते. मी कितीही समजावून सांगितले असते तरी ते त्यांच्यापर्यंत पोचले नसते.

त्यानंतर गटकार्य घ्यावे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी १९७१ मध्ये टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहराच्या शाळांत एक पद्धत रुजवली. गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतेच एका वर्गात बसवले गेले होते आणि त्यांच्यात मोठा तणाव होता. ॲरनसन यांनी धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे दिला, त्यामुळे दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय कोणाचेच काम पुरे होईना. मैत्रीवरच्या कादंबरीला ही पद्धत विशेष शोभते, कारण तिच्यात विषय आणि रीत एक होतात. आपल्याकडे पाच प्रती आहेत, तर सहा सहा मुलांचे चार आणि सात मुलांचा एक असे पाच गट करावेत. एका गटाने बोलक्या मुलीचा, दुसऱ्याने नव्या मुलीचा, तिसऱ्याने वर्गशिक्षिकेचा, चौथ्याने नव्या मुलीच्या आईचा आणि पाचव्याने वर्गातील इतर मुलांचा अभ्यास करावा : कोणाला काय ठाऊक होते आणि कोणाला काय ठाऊक नव्हते. मग प्रत्येक गटातून एकेक मूल घेऊन नवे सहा गट करावेत, उरलेले एक मूल कोणत्याही गटात सामावते. आता प्रत्येक नव्या गटात पाचही बाजूंचा जाणकार आहे. त्यांना एकच प्रश्न द्यावा : ‘मंगळवारी सकाळी ही पाचही माणसे एका झाडाखाली बसली असती, तर पहिले कोण बोलले असते आणि काय?’ आईच्या गटाकडे पुस्तकातील मजकूर सर्वांत कमी असेल, म्हणून तिथे चौकस मुले द्यावीत.

पुतळ्यांचा खेळ मुलांच्या ओळखीचाच आहे. खण रिकामा सापडतो तो प्रसंग सात-आठ मुलांनी पुतळ्यांसारखा उभा करावा, आपण एकेकाच्या खांद्याला हात लावावा, आणि त्या पुतळ्याने त्या क्षणी मनात आलेले एक वाक्य बोलावे. इथे अहिराणीला पूर्ण मोकळीक द्यावी. मनातले वाक्य घरच्या बोलीतच येते, आणि ‘तू मन्हासंगे काबरं बोलस नही?’ हे वाक्य प्रमाण मराठीत आणले की त्यातले दुखणे अर्धे सांडते. मात्र नव्या मुलीची भूमिका कोणाला द्यायची याचा विचार आपण आदल्या दिवशीच करावा. आपल्या वर्गात वीटभट्टीवरचे, ऊसतोडीला जाणाऱ्या घरचे किंवा यंदाच नव्याने आलेले मूल असेल, तर ती भूमिका त्याच्याकडे मुळीच जाऊ देऊ नये. ज्याला आडोसा हवा आहे, त्यालाच उन्हात उभे केल्यासारखे होईल.

एक गोष्ट मोठ्यांना अवघड वाटते, तरीही लिहिते. या कथेत सर्वांत मोठी चूक मुलीची नाही, बाईंची आहे. पुरावा नसताना त्यांनी संशय वर्गासमोर येऊ दिला आणि पैसे स्वतःच्या हजेरीपटात सापडल्यावरही त्या गप्प राहिल्या. मुले हे बोलतील तेव्हा त्यांना अडवू नये. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मुलाच्या मानसिक छळालाही मनाई केली आहे. वर्गासमोर चोरीचा आळ येऊ देणे यात बसते का, यावर सहावीची मुले फार गंभीरपणे बोलतात. त्याच कायद्यामुळे वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलालाही शाळेत प्रवेश मिळतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून तो नाकारता येत नाही, हेही ओघात सांगावे. वर्गातील एखाद्या मुलाला ते ऐकण्याची गरज असते.

लेखनासाठी ‘बोलक्या मुलीचे माफीचे पत्र’ हा विषय देऊ नये असे मला वाटते. मुले त्यात निबंधातली वाक्ये भरतात आणि सगळे लवकर गोड करून टाकतात. ‘शेवट बदलून लिहा’ याविषयीही माझे हेच मत आहे. त्याऐवजी पुढल्या दिवाळीनंतरचे एक पान लिहायला सांगावे. भट्ट्या पुन्हा पेटतात, कामगारांच्या गाड्या येतात, बोलकी मुलगी वही घेऊन रस्त्याच्या कडेला उभी आहे. अट एवढीच की आधी घडलेले काहीही पुसता येणार नाही. काही मुले मैत्रिणीला आणतील, काही वेगळेच कुटुंब आणतील. दोन्ही पाने जपून ठेवावीत.

शेवटी एक काम घरी द्यावे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी गावात येतात, झोके बांधले जातात आणि लहानपणीच्या मैत्रिणी वर्षाने भेटतात. मुलांनी आपल्या आजीला किंवा आईला विचारावे की लहानपणी कोणाशी बोलणे तुटले होते आणि ते पुन्हा कसे जुळले, किंवा जुळलेच नाही. वार्षिक परीक्षेच्या आसपास हा सण येत असल्याने हे काम आधीच द्यावे लागेल. मुलांनी आणलेल्या आठवणी वर्गात वाचायच्या असतील, तर सांगणाऱ्या बाईंना आधी विचारून घ्यावे.

प्रश्न : ताई, मी जळगाव जिल्ह्यातील एक आई आहे. माझा मुलगा पाचवीत आहे. त्यांच्या वर्गात मैत्रीवरचे पुस्तक वाचून झाल्यावर बाईंनी प्रत्येकाला आपल्या सर्वांत जवळच्या मित्राचे नाव चिठ्ठीवर लिहायला सांगितले आणि त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. माझ्या मुलाचे नाव एकाही चिठ्ठीवर नव्हते. तो तेव्हापासून ते पुस्तक हातात घेत नाही आणि शाळेत जाताना पोट दुखते म्हणतो. बाईंचा हेतू वाईट नव्हता हे मला कळते. मी काय करू?

उत्तर : ताई, आपल्या मुलाचे पोट खरोखरच दुखत असेल, ते बहाणा समजून सोडून देऊ नका. त्याच्या बाजूने एक गोष्ट आधी स्पष्ट सांगते. चिठ्ठीवर नाव नसणे म्हणजे मित्र नसणे नव्हे. एकच नाव लिहायचे असेल तर दहाजणांच्या मनात दुसऱ्या क्रमांकावर असलेले मूलही कोरडे राहते, आणि अशी मुले प्रत्येक वर्गात असतात. हे त्याला आपण घरी बोटांवर मोजून दाखवू शकता : घरातल्या पाचजणांनी एकेकच आवडती भाजी लिहिली, तर ताटात रोज आनंदाने खाल्ल्या जाणाऱ्या किती भाज्या राहून जातात ते त्याला लगेच कळेल.

मुलांच्या आपसातील निवडी मोजण्याची रीत मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३० च्या दशकात प्रचारात आणली. ती कामाची आहे, पण शिक्षकाने ती एकट्याने, कपाटाच्या आत ठेवायच्या कागदावर वापरावी, कोण एकटे पडते आहे ते ओळखावे आणि त्या मुलाला शेजार कोणाचा द्यायचा ते ठरवावे. तीच माहिती मोठ्याने वाचली की तिचे औषध न राहता जखम होते. बाईंशी एकांतात, शाळा सुटल्यावर बोला. तक्रारीच्या सुरात न बोलता आपल्या मुलाला काय झाले तेवढेच सांगा, आणि पुढचा उपक्रम जोडीचा असावा अशी विनंती करा. उदाहरणार्थ, पुस्तकातल्या एका प्रसंगाचे चित्र दोघांनी एकाच कागदावर काढणे, आणि जोडी चिठ्ठी टाकून ठरवणे, म्हणजे कोणाला कोणी निवडले हा प्रश्नच उरत नाही. बाई समंजस असतील तर त्यांना वाईट वाटेल आणि त्या नक्की काहीतरी करतील.

घरी ते पुस्तक त्याच्यासमोर आणू नका. काही दिवसांनी आपणच ते वाचायला घ्या, त्याच्या कानावर पडेल इतक्या आवाजात, धाकट्या भावंडासाठी किंवा आजीसाठी वाचा. तो जवळ येऊन बसला तर बसू द्या, पण त्याला काही विचारू नका. हिवाळ्यात आपल्याकडे शेतात भरीत-पुरीचा बेत होतो, वांगी भाजायला सगळ्यांचे हात लागतात. त्याच्या वर्गातल्या दोन-तीन मुलांना त्यांच्या आईवडिलांसह अशा बेताला बोलवा. तुरीच्या काड्या गोळा करताना मुले जितकी जवळ येतात, तितकी ‘मित्र व्हा’ म्हटल्याने येत नाहीत. पोटदुखी पंधरा दिवसांत थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा आणि शाळेत काय घडले तेही त्यांना सांगा.

प्रश्न : कादंबरीवरच्या चर्चेला आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनात गुण कसे द्यावेत? – एक शिक्षिका, चाळीसगाव तालुका

उत्तर : मतांना गुण देऊ नका. बोलक्या मुलीला क्षमा करावी म्हणणारा आणि करू नये म्हणणारा, दोघांनाही सारखेच गुण मिळतात हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. गुण द्यायचेच असतील तर तीन गोष्टींना द्या : आपल्या म्हणण्याला पुस्तकातला प्रसंग जोडला का, दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत बरोबर सांगता आले का, आणि चर्चेनंतर मत बदलले असेल तर ते कशामुळे हे सांगता आले का. नोंदवहीत मुलाचे एखादे वाक्य तारखेसह जसेच्या तसे लिहून ठेवा, वर्षअखेरीस वर्णनात्मक नोंदी करताना तेच सर्वांत उपयोगी पडते. जे मूल बोलत नाही, पण टक लावून ऐकते, त्याची नोंदही याच वहीत घ्या.

प्रश्न : नमस्कार ताई. मी सातपुड्यातील एका आश्रमशाळेत, नंदुरबार जिल्ह्यात, शिक्षक आहे. आमची मुले घरी पावरी आणि भिली बोलतात. मैत्रीवरची कादंबरी वाचायची खूप इच्छा आहे, परंतु प्रमाण मराठीतले पुस्तकातले संवाद त्यांना परके वाटतात आणि लिहायला सांगितले की पाने कोरी राहतात. अशा वर्गात हे उपक्रम जमतील का?

उत्तर : सर, जमतील, आणि कदाचित इतरत्र जमतात त्याहून चांगले जमतील. आश्रमशाळेतली मुले वर्षातले कितीतरी महिने आईवडिलांपासून लांब, एकमेकांच्या शेजारी झोपतात, एका पंगतीत जेवतात आणि आजारपणात एकमेकांच्या कपाळावर हात ठेवतात. मैत्रीविषयी त्यांना कळते तेवढे गावातल्या मुलांना क्वचितच कळते. अडचण भाषेची आहे आणि ती मुलांची उणीव नाही.

पहिल्या दिवशी पुस्तक वाचू नका, सांगा. एका प्रकरणाची गोष्ट मराठीत सांगितल्यावर मोठ्या वर्गातील एखाद्या मुलाला तीच पावरीत सांगायला लावा, आणि मगच त्या प्रकरणातली दोन-तीन पाने वाचा. संवाद असेल तिथे थांबून ‘हे आपल्याकडे कसे म्हणतील?’ असे विचारा आणि ते देवनागरीत फळ्यावर लिहा. रुसणे, अबोला धरणे, मन वळवणे, समजूत काढणे या प्रत्येकाला मुलांच्या भाषेत शब्द असतील. त्यांचा एक छोटा कोश मुलांकडूनच तयार होऊ द्या. तो पुस्तकाइतकाच मोलाचा ठरेल.

लिहिण्याबाबत बहिणाबाई चौधरींची आठवण ठेवावी. आसोद्याच्या या लेकीला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या ज्या ओव्या म्हणत, त्या त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि त्यांच्या मावसभावाने लिहून घेतल्या. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९५२ मध्ये त्या कविता पुस्तकरूपाने आल्या. सांगणारे एक आणि लिहिणारे दुसरे असले तरी रचना सांगणाऱ्याची असते, हे खानदेशाने अशा रीतीने पाहिले आहे. म्हणून वर्गात जोड्या करा. एकाने सांगावे आणि दुसऱ्याने लिहावे, मग भूमिका बदलाव्यात. लिहिणाऱ्याने सांगणाऱ्याला वाचून दाखवावे आणि त्याने ‘मी असे म्हटले नव्हते’ म्हटले तर खोडून पुन्हा लिहावे. या दुरुस्तीतच दोघांना एकमेकांचे नीट ऐकण्याची सवय लागते, आणि मैत्रीच्या कादंबरीवर याहून नेमका उपक्रम मला सुचत नाही. लिहिताना चुका झाल्या तर तांबडी शाई वापरू नका.

वेळापत्रकाबाबत एक सूचना. सातपुड्यात होळीला मुले घरी जातात आणि लवकर परतत नाहीत, ते स्वाभाविकही आहे. कादंबरी अर्ध्यावर सोडून ती घरी जाणार असतील, तर धागा तुटतो. म्हणून पुस्तक दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्यावे आणि होळीच्या आधी संपवावे. होळीहून परतल्यावर मुलांनी घरी कोणाला ही गोष्ट सांगितली आणि ऐकणाऱ्याने काय विचारले, तेवढे ऐकावे.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयातील मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढत. घरापासून लांब राहणाऱ्या मुलांना रोज कोणीतरी त्यांच्यासाठी काहीतरी लिहिते, ही जाणीव किती आधाराची असेल! आपल्या वसतिगृहात रोजचे दैनिक शक्य नसले तरी आठवड्याचे भित्तिपत्रक शक्य आहे. जेवणघराच्या भिंतीवर, सर्वांत लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ते लावा. डावीकडे पावरी किंवा भिली, उजवीकडे मराठी, आणि मध्ये कादंबरीतल्या ज्या प्रसंगावर त्या आठवड्यात बोलणे झाले त्याचे मुलांनी काढलेले चित्र असू द्या. पहिले दोन-तीन अंक झाले की मुलांच्या त्या छोट्या शब्दकोशाची एक प्रत मला पाठवा. मला तो वाचायचा आहे.